कुसुम व प्रतिभा या एकच

“गुंठेवारीतलं घर तारण म्हणून चालत नाही,” इनामदारमॅडम म्हणाल्या आणि आमची फाईल त्यांनी टेबलावरून आमच्याच बाजूला सरकवली.

फाईल चांगली जाडजूड होती. आयर्लंडच्या विद्यापीठाचं प्रवेशपत्र, बी.फार्म.च्या आठ सेमिस्टरच्या गुणपत्रिका, इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल, बाबांच्या पगाराच्या स्लिपा आणि सगळ्यात खाली घराचे कागद. मिरजेत आमच्यासारख्या निम्म्या नोकरदारांची घरं अशीच आहेत. कुणीतरी शेताचे तुकडे पाडून विकले, लोकांनी ते घेतले, घरं बांधली, तुळशी लावल्या. राहायला काही अडचण नाही. फक्त बँकेच्या दृष्टीनं ती जागा हवेत असते.

“साडेसात लाखांपर्यंत जामीनदारावर भागतं. त्याच्या वर गेलं की तारण लागतं. तुम्हाला हवेत अठरा,” मॅडम म्हणाल्या.

बाबा एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते. त्यांचा प्रॉव्हिडंट फंड त्याच हवेतल्या घरात गेला होता. ते टोपी मांडीवर घेऊन बसले होते आणि मॅडमच्या मागच्या कॅलेंडरकडे बघत होते. मीही कॅलेंडरच बघत होते. २०१६ चा मे महिना. सीट पक्की ठेवण्यासाठी पाचशे युरो भरून झाले होते आणि कर्जाचं मंजुरीपत्र ३१ जुलैच्या आत पाठवायचं होतं. ते नाही गेलं तर सीट दुसऱ्याला आणि पाचशे युरो त्यांना.

तेवढ्यात आई म्हणाली, “माझ्या नावावर आहे की जागा. विट्यात.”

बाबांनी मान वळवली. तीस वर्षांच्या संसारात बायकोनं पहिल्यांदाच इंग्रजी बोलावं तसा त्यांचा चेहरा झाला. “तुझ्या नावावर? कवापास्नं?”

“आण्णा गेले तेव्हापास्नं. दादाचं आणि माझं नाव लागलंय. कऱ्हाड रस्त्याला, पाच गुंठे. बिगरशेती आहे.” आईनं पिशवीतून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला एक जुना उतारा काढला. म्हणजे घरातून निघतानाच तिनं तो बरोबर घेतला होता आणि आम्ही कुठं अडतो याची वाट बघत होती.

मॅडमनी वाचलं. “जयवंत आत्माराम तोडकर. कुसुम आत्माराम तोडकर. यातली कुसुम कोण?”

“मीच.”

“आधारवर तर प्रतिभा दिनकर माळवदे आहे.”

“लग्नात बदललं,” बाबा म्हणाले. “आमच्या आईचं नाव कुसुम. एका घरात दोन कुसुम कशा चालतील?”

मॅडम स्वतः लग्न झालेल्या बाई होत्या, त्यामुळे त्यांना आश्चर्य वाटलं नाही. त्यांनी फक्त यादी सांगितली. नवा उतारा. नाव बदलल्याचं गॅझेट. कुसुम व प्रतिभा या एकच, असं सख्ख्या नातेवाइकाचं प्रतिज्ञापत्र. भावाची तारणाला संमती. मग बँकेचे वकील मागच्या तीस वर्षांचे दस्त तपासणार, आणि मग मंजुरी.

“होईल सगळं,” मी म्हणाले. तेवीस वर्षांची होते. कागदानं सगळं होतं असा माझा ठाम समज होता.

अर्जावर सही करायला मॅडमनी आईला कागद दिला, तर आईचा चष्मा घरी राहिलेला. तो कायमच घरी राहायचा. मी बोट ठेवून जागा दाखवली आणि तिनं चाचपडत सही केली, “प्रतिभा.”

*

विट्याला आम्ही दोघीच गेलो. सिटी सर्वेच्या ऑफिसात दोन तास बसल्यावर खिडकीतून उतारा हातात पडला. आई माझ्या दंडाला धरून उभी होती.

“वाच.”

“जयवंत आत्माराम तोडकर, कुसुम आत्माराम तोडकर.”

“नीट बघ. आहे का?”

“आहे की.”

“खोडलेलं नाही न्हवं? कंस केलेला नाही?”

“नाही गं. कशाला खोडतील?”

तिनं कागद माझ्या हातातून घेतला, डोळ्यांपासून लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. मग ऑफिसच्या पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. लोक आमच्याकडे बघत होते. मला लाज वाटली, हे कबूल करते.

“दादानं ठेवलं गं माझं नाव,” ती म्हणाली.

ठेवलं म्हणजे काय, मला कळेना. बापाची जागा, मुलीचं नाव कायद्यानंच लागणार. त्यात दादानं काय ठेवायचं? पण आईचं माहेर म्हटलं की तिचं सगळं जरा जास्तच असायचं, म्हणून मी सोडून दिलं. तिला उसाचा रस पाजला आणि जयवंतमामाच्या दुकानाकडे निघालो.

मामाचं जुने टायर नवे करून विकायचं दुकान होतं. गल्ल्यावरून त्यानं आम्हाला लांबूनच बघितलं.

“कुसू! अगं, एवढ्या उन्हाची आलीस? फोन तरी करायचा.”

“फोन केला असता तर तू म्हणाला असतास, नको येऊस,” आई म्हणाली आणि मोठ्यांदा हसली.

आमच्या घरात आई असं हसत नसे. मिरजेत ती प्रतिभा होती, हळू बोलणारी, सगळ्यांचं जेवण झाल्यावर जेवणारी. आजी गेल्यावरही घरात कुसुम नाव परत आलं नाही. ते आजीबरोबर फोटोच्या चौकटीत गेलं. पण विट्याच्या स्टँडवर उतरलं की आईची चालच बदलायची. मामाच्या घरी ती पाय पसरून बसायची, मामींना “चहात साखर आहे का नुसती नावाला?” असं विचारायची. लहानपणी मला वाटायचं, विट्याची हवाच तशी आहे.

मी मामाला सगळं सांगितलं. कर्ज, तारण, त्याची संमती. तो ऐकत होता आणि खुर्चीच्या हाताचं रेक्झिन सोलत होता.

“बघू की,” तो म्हणाला. “एवढी काय घाई आहे? परदेशातच जायला पाहिजे असं काय? पुण्यात कंपन्या काय कमी आहेत?”

मला राग आला, पण गरज माझी होती. म्हणून मी नावाचं सांगायला लागले. कुसुम आणि प्रतिभा एकच असल्याचा पुरावा लागेल, गॅझेट काढावं लागेल, त्याचं प्रतिज्ञापत्र लागेल.

मामाचं बोट रेक्झिनवर थांबलं. “गॅझेट म्हणजे? सरकार लिहून देतं, ही तीच बाई म्हणून?”

“हो. जुनं नाव, नवं नाव, छापून येतं.”

“आणि ते कुठंबी चालतं? सगळ्या ऑफिसात?”

“सगळीकडे.”

मामा उठला. समोरच्या दुकानातून थंडगार लस्सीचे तीन ग्लास त्यानं स्वतः जाऊन आणले. “मग आधी ते उरकून घेऊ,” तो म्हणाला. “संमतीचं मागनं बघता येईल. प्रतिज्ञापत्र मी देतो. कुसूचा शाळेचा दाखला इथल्या कन्याशाळेतनं मीच काढून आणतो. तू पळू नकोस, हर्षू. मामा आहे कशाला?”

आईनं माझ्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. बघ, म्हणत होती ती. बघ माझा दादा.

*

पुढचा दीड महिना आम्ही आईला शोधत होतो, म्हणजे कागदोपत्री. शाळेच्या दाखल्यावर कुसुम, रेशनकार्डावर प्रतिभा. लग्नपत्रिकेवर चि. सौ. कां. कुसुम, माझ्या जन्मदाखल्यावर आईचे नाव प्रतिभा. या दोघींची गाठ नेमकी कुठं पडली याचा कागद कुठंच नव्हता, कारण ती पडली होती तांदळात. लग्नाच्या अल्बममध्ये तो फोटो सापडला. परातीत तांदूळ पसरलेत, बाबा सोन्याच्या अंगठीनं त्यात नाव लिहितायत, भोवती सगळ्यांचे वाकलेले चेहरे. आईही वाकून बघते आहे. तिलाही आपलं नाव काय ते तेव्हाच कळत होतं. मी त्या फोटोची प्रत फाईलला लावली. तिचा कायद्याला उपयोग शून्य, पण मला ती लावावीशी वाटली.

मामानं शब्द पाळला. दाखला आणला, स्टँपपेपर स्वतः विकत घेतला, नोटरीपुढे सही केली. गॅझेटची फीसुद्धा त्यानंच भरली. बाबा म्हणाले, “माणूस ओळखायला चुकलो मी.”

जुलैच्या पहिल्या आठवड्यात गॅझेट छापून आलं. मी फोन करताच मामा दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवरून मिरजेत हजर. येताना पाव किलो पेढे.

“कुसू, सरकारनं तुझं बारसं केलं बघ,” तो म्हणाला.

आईनं त्याला पेढा भरवला. त्यानं छापलेला कागद दोनदा वाचला. “एक झेरॉक्स मला पण दे गं, हर्षू. घरात असावी.”

“आणि संमतीपत्र, मामा? नमुना बँकेनं दिलाय.”

“दे की. विट्याच्या वकिलाला दाखवतो आणि सही करून धाडतो.”

मी झेरॉक्स काढून आणल्या, एक नाही, तीन. त्याही साक्षांकित करून. कुठलंही काम नीट करायची मला खोड आहे.

*

अठरा जुलैला बँकेच्या वकिलांनी बोलावलं. ॲडव्होकेट चौगुले म्हणजे साठीचे, दमेकरी गृहस्थ. वाक्याच्या मध्येच श्वास घ्यायला थांबायचे. आम्ही तिघंही गेलो होतो. संमतीपत्र अजून आलं नव्हतं. मामा फोनवर “आज टाकतो, उद्या टाकतो” करत होता. त्याबद्दलच बोलावलं असेल असं मला वाटलं.

“बाई,” वकील आईला म्हणाले, “तुम्ही दोन हजार चारच्या नोव्हेंबरात विट्याला एक दस्त करून दिलाय. आठवतंय का?”

आई टेबलाच्या कडेकडे बघत होती.

“कसला दस्त?” बाबांनी विचारलं.

“हक्कसोडपत्र. वडिलांच्या जागेतला माझा सगळा हिस्सा मी भावाला विनामोबदला, स्वखुशीनं सोडते. रजिस्टर आहे. लिहून देणार, कुसुम आत्माराम तोडकर.”

“तसं कसं असेल?” मी उतारा पुढे केला. “मे महिन्यात काढलाय. नाव आहे त्याच्यावर.”

“नाव आहे, कारण दस्त उताऱ्यावर चढला नव्हता.” ते श्वासासाठी थांबले. “तुमच्या मामांनी तेव्हाच अर्ज केला होता. सिटी सर्वेनं त्रुटी काढली, की ही कुसुम तोडकर म्हणजे आज कोण, तिचा ओळखीचा पुरावा जोडा. तो काही त्यांच्याकडे नव्हता. बारा वर्षं अर्ज तसाच पडून होता. मागच्या आठवड्यात, अकरा तारखेला त्यांनी गॅझेट जोडलं. साक्षांकित प्रत.”

पंखा फिरत होता. बाबांनी टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली.

“आता नोटीस निघालीय. पंधरा दिवसांत नाव जाईल. जागेला गिऱ्हाईक पण आहे म्हणतात.” त्यांनी आईकडे बघितलं. “फसवून सही घेतली असेल तर दावा लावता येतो. वेळ लागेल, पण लावता येतो. फसवून घेतली का?”

“नाही,” आई म्हणाली. “वाचून दाखवलं होतं.”

ती कुसुम ही नव्हेच, असं म्हणायची तरी सोय असती. पण ती हीच, असा पुरावा मी गोळा केला होता, दीड महिना उन्हातान्हात हिंडून. त्यात तांदळाचा फोटोसुद्धा लावला होता.

वकिलांच्या जिन्यातून आम्ही खाली आलो. रस्त्यावर रिक्षा, हातगाडे, सगळं आपल्या जागी चालू होतं. मी आईच्या समोर उभी राहिले.

“तुला माहीत होतं?”

“मला वाटलं, त्यानं तो कागद पुढं नेलाच नाही,” ती म्हणाली. “उताऱ्यावर नाव बघितलं तेव्हा मला वाटलं, घेतला पण ठेवून दिला त्यानं. बहिणीचं नाव काढावंसं वाटलं नसेल त्याला.”

“सही कशाला केलीस?”

“आण्णा गेल्यावरची पहिली दिवाळी. भाऊबिजेला गेले होते. दोन दिवस जास्त ठेवून घेतलं त्यांनी. सोमवारी ऑफिस उघडलं. वहिनी म्हणाली, सगळ्याच नणंदा देतात. साडी नेसवली.” ती सगळं एकाच सुरात सांगत होती. “दादा काही बोलला नाही. नुसता उभा होता.”

आणि मग मी ते बोलले. भर रस्त्यात, बाबांच्या देखत.

“एका हजार रुपयांच्या साडीला माझं आयुष्य विकलंस तू.”

आईनं माझ्याकडे बघितलं. “हजाराची नव्हती,” ती म्हणाली. “साडेसहाशेची होती.”

*

संध्याकाळी मी मामाला फोन लावला. मला वाटलं होतं तो उचलणार नाही. त्यानं पहिल्या घंटीला उचलला.

“तुझ्या आईनं स्वखुशीनं दिलंय, हर्षू. मी काय गळ्यावर सुरी ठेवली होती?”

“मे महिन्यात का नाही सांगितलंत आम्हाला?”

“तुझी आई होती की तिथं समोर. तिला माहीत न्हवतं का? ती बोलली नाही, मी कशाला बोलू?”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“हे बघ,” तो जरा मवाळ झाला. “माझ्या दोन पोरी उजवायच्या आहेत. उद्या त्या पण सोडून देतील त्यांच्या भावाला. आपल्यात असंच असतं. बहिणीनं हिस्सा घेतला आणि माहेर राहिलं, असं एक घर दाखव मला विट्यात.”

मी फोन ठेवला. बाबा ओट्यावर बसले होते. “आपलेच दात, आपलेच ओठ,” एवढंच म्हणाले आणि ड्युटीवर गेले. पाचशे युरोंसाठी वर्कशॉपच्या सोसायटीतून काढलेले पैसे पुढची दोन वर्षं त्यांच्या पगारातून कापले जात होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई भाकऱ्या करत होती. मी तिच्याशी बोलत नव्हते, पाणी प्यायला आत गेले होते. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

“हिस्सा मागितला असता तर ते दार बंद झालं असतं. आण्णा गेले, आई आधीच गेलेली. मला कुसू म्हणणारं तेवढं एकच माणूस राहिलं होतं, हर्षू. बाकी सगळीकडं मी तुझ्या बाबांनी लिहिलेली.”

मी पेला पालथा घातला आणि बाहेर आले. तेवीस वर्षांच्या मुलीला हे कळत नाही असं नाही. कळतं. पण त्या वेळी मला ते ऐकून घ्यायचं नव्हतं. मला आयर्लंडला जायचं होतं.

३१ जुलै रविवारी होता. १ ऑगस्टच्या दुपारी विद्यापीठाचा ईमेल आला. फार सभ्य भाषेत लिहिला होता. पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छाही होत्या. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा असं मैत्रिणी म्हणाल्या. पुढच्या वर्षीही घर गुंठेवारीतलंच असणार होतं. मी सप्टेंबरपासून सांगलीच्या एका औषधाच्या दुकानात नऊ हजारांवर उभी राहायला लागले.

*

दिवाळीत आईनं भाऊबिजेची तयारी केली तेव्हा मला धक्का बसला. तिनं करंज्यांचा डबा भरला, निरांजन पुसून पिशवीत ठेवलं.

“तू जाणार आहेस? तिथं?”

“भाऊ आहे माझा.”

“बाबा?”

“ते म्हणाले, तुझी मर्जी.” मग जरा थांबून ती म्हणाली, “तू चल की माझ्याबरोबर. एकटीला नको वाटतंय.”

मी का गेले, सांगता येत नाही. रस्त्यावर बोललेलं ते वाक्य मला परत घेता आलं नव्हतं आणि माफी मागण्याची आमच्या घरात पद्धत नव्हती. म्हणून गेले असेन.

कऱ्हाड रस्त्याला बस वळली तेव्हा आई खिडकीतून बघत राहिली. आण्णांच्या प्लॉटला पत्र्याचं कुंपण लागलं होतं. आत वाळूचा ढीग पडला होता.

दार मामींनी उघडलं. “या वन्सं,” त्या म्हणाल्या. मामा बाहेर गेला होता. आई नेहमीसारखी पाय पसरून बसली नाही. पाटावर पदर सावरून बसली, आणि मामींनी दिलेल्या चहाला काहीही नावं न ठेवता चहा प्यायली. जिन्यात पाऊल वाजलं की मान वर करायची. तासाभरानं मामा आला. आम्हाला बघून दारातच चप्पल काढायला त्यानं फार वेळ लावला.

“आलात होय? बरं झालं.”

आईनं ओवाळलं. मी तिच्या मागे उभी होते आणि माझ्या लक्षात आलं, ती थांबली आहे. निरांजन खाली ठेवायचं सोडून त्याच्या तोंडाकडे बघत थांबली आहे. दरवर्षी ओवाळून झालं की तो म्हणायचा, “बास कुसू, आता दाढी जाळशील माझी.” हा विनोद मी जन्मल्यापासून ऐकत आले होते.

मामानं खिशातून पाकीट काढून तबकात ठेवलं. “जेवून जावा,” म्हणाला आणि मोबाइल वाजला म्हणून गॅलरीत गेला. मोबाइल वाजल्याचं मी तरी ऐकलं नाही.

जेवणं झाली. आम्ही निघालो. दारात मामींनी आईला कुंकू लावलं. “परत या,” म्हणाल्या. मामा रस्त्यापर्यंत सोडायला आला नाही.

परतीच्या बसमध्ये आम्हाला शेवटचं बाक मिळालं. तासगाव मागे पडलं. मग आईनं पिशवीतून पाकीट काढलं, दोन्ही बाजूंनी फिरवून बघितलं, डोळे बारीक केले. चष्मा अर्थातच घरी होता.

“काय लिहिलंय बघ गं.”

दरवर्षी त्या पाकिटावर एकच मजकूर असायचा. ‘चि. कुसूस, दादाकडून.’ आत पाचशे एक रुपये. आईच्या ट्रंकेत त्या रिकाम्या पाकिटांचा गठ्ठा होता. जयवंतमामाचं अक्षर मला पाठ होतं.

मी पाकीट हातात घेतलं. त्यावर स्वच्छ अक्षरात, गॅझेटमध्ये होतं तस्संच लिहिलं होतं, ‘सौ. प्रतिभा दिनकर माळवदे.’ आत नोट नव्हती. त्याच नावाचा एक्कावन्न हजारांचा चेक होता आणि त्याला टाचलेली एक पावती. ‘सदर मिळकतीबाबत माझी कोणतीही तक्रार राहिलेली नाही.’ सहीच्या जागी पेन्सिलीची फुली मारून ठेवली होती.

“काय गं?” आई म्हणाली. “काय लिहिलंय?”

बस खड्ड्यातून गेली. आईनं समोरची दांडी धरली. ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या हातातल्या पाकिटाकडे बघत होती.

“‘चि. कुसूस, दादाकडून,’” मी वाचलं.

तिचे खांदे एकदम खाली आले. “लिहिलंय न्हवं?”

“लिहिलंय.”

“बघ. तू उगीच बोलतेस त्याला.” तिनं खिडकीच्या गजाला डोकं टेकलं. “पोरींच्या लग्नाचं डोक्यावर आहे त्याच्या. म्हणून गप्प होता. आत किती आहेत?”

“नेहमीचेच,” मी म्हणाले. पर्समध्ये माझ्या पगारातले पैसे होते. पाचशेची एक नोट आणि एक रुपया काढून मी तिच्या तळहातावर ठेवला. तिनं मूठ मिटली. पाकीटही मागितलं तेव्हा मी म्हणाले, निरांजनाचं तूप लागलंय, घरी पुसून देते. घरी गेल्यावर दुकानात जाऊन तसलंच पाकीट आणलं आणि मामाच्या वळणाचं अक्षर काढायला तीन पाकिटं खराब केली.

चेक माझ्याकडेच राहिला. औषधांची मुदत बघायचं माझं कामच आहे, त्यामुळे तारीख लक्षात होती. फेब्रुवारीत तो बाद झाला. मामानं पावतीबद्दल कधी विचारलं नाही, चेकबद्दलही नाही. त्याचे एक्कावन्न हजार वाचले आणि प्लॉटवर दुमजली शोरूम उभी राहिली.

आज माझं स्वतःचं छोटं मेडिकल आहे, मिरजेतच. गिऱ्हाइकांच्या मुली कधीकधी प्रवेशपत्र दाखवायला येतात, दुकानातल्या मशीनवर झेरॉक्स काढून घेतात. मी त्यांना पेढा मागते आणि विचारते, घराची जागा कसली गं तुमच्या? त्यांना प्रश्न कळत नाही.

पुढच्या दिवाळीला आई भाऊबिजेला निघाली तेव्हा मी आदल्या दिवशीच एक पाकीट लिहून पर्समध्ये ठेवलं. दाराशी पोचल्यावर तिला आठवण झाली आणि ती आत वळली.

“चष्मा राहिला गं.”

“राहू दे,” मी म्हणाले. “मी आहे की बरोबर.”